मे महिन्यात मुलांना घेऊन स्वित्झर्लंड : धबधब्यांच्या सोप्या वाटा सुचवा

शेवंती

नमस्कार मंडळी,

स्वित्झर्लंडवरचे जुने धागे चाळले. बरेचसे हनिमूनचे, उरलेले 'बारा दिवसांत आठ देश' छापाचे. म्हणून नवा काढते आहे.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही पाच जण जातोय. आम्ही दोघं, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी साडेतीन, आणि सासूबाई. त्या ६७ वर्षांच्या, अजूनही पर्वती चढतात, पण उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपण. लाउटरब्रुनेनला घर घेतलंय, तिथे चार रात्री, मग झुरिकहून परत.

लेकाला धबधब्यांचं खूळ आहे. ठोसेघरला रेलिंगपाशी तासभर उभा होता, हलायला तयार नव्हता. त्यामुळे या वेळी बर्फापेक्षा धबधबे, आणि तेही थोडं चालून गाठायचे, असं ठरवलंय. दोन-तीन तासांची वाट हवी, मध्ये बसून डबा खाता यायला हवा, आणि धाकटीला उचलून घ्यायची वेळ आली तर परतता यायला हवं. युंगफ्राऊयोखला (बर्फातलं ते उंचावरचं रेल्वे स्टेशन) जायचंच असं नाही, पण 'एवढं लांब जाऊन वर नाही गेलात?' हे ऐकायची तयारी ठेवावी लागेल.

कुणी लहान मुलांना घेऊन या भागात चाललं आहे का? मे महिन्यात पाणी असतं का? आपल्याकडे मेमध्ये धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ असतो, म्हणून विचारते.

डबल_चहा

माझी जागा धरून ठेवतो. आमचंही पुढच्या वर्षी घाटतंय. (घाटतंय म्हणजे बायकोच्या डोक्यात. माझ्या डोक्यात फक्त फ्रँकचा भाव आहे.)

आरेकाठी

शेवंती, मी बर्नमध्ये बरीच वर्षं राहतो आणि लाउटरब्रुनेनच्या दरीत पाहुण्यांना घेऊन जाणं हे माझं बिनपगारी काम आहे. सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं. इथलं गणित आपल्या उलट आहे. सह्याद्रीत धबधबा पावसावर चालतो, इथे मे-जूनमध्ये तो वितळणाऱ्या बर्फावर चालतो. हिवाळाभर साठलेला बर्फ मे महिन्यात उतरायला लागतो, त्यामुळे आपल्या शाळांच्या सुट्टीत दरीतले धबधबे भरलेले असतात. ऑगस्ट संपता संपता त्यांतले बरेच बारीक होतात आणि दिवाळीच्या सुट्टीत आलात तर काही नुसते ओघळ दिसतात. धबधब्यांसाठी मे हा उत्तम महिना आहे.

पण याच कारणामुळे वरच्या वाटा मे महिन्यात चालायच्या नसतात. दोन हजार मीटरच्या आसपास आणि त्याच्यावर बर्फाचे पट्टे असतात. एप्रिल-मे हा बऱ्याच रोपवेंच्या दुरुस्तीचाही काळ. आपली माणसं ऑगस्टमध्ये गेलेल्या कुणाचे तरी फुलांचे फोटो बघून मेमध्ये येतात आणि वर जाऊन चिखल तुडवतात. तुम्ही दरीच्या तळाशीच राहा. तुमच्या घराबाहेर पडल्यावर जे आहे, ते बघायला लोक जगभरातून येतात.

लाउटरब्रुनेनची दरी म्हणजे दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मधोमध सपाट कुरण. हिमनदीने कोरलेली दरी आहे ही, म्हणून तळ रुंद आणि भिंती उभ्या. बाजूच्या ओढ्यांना तळापर्यंत उतरायला उतारच मिळालेला नाही, ते कड्यावरून थेट खाली पडतात. दरीत ७२ धबधबे आहेत असं सांगतात. लेकाला मोजायला सांगा, तेवढाच तो चालेल.

पहिल्या दिवशी श्टाउबबाख. स्टेशनपासून गावातल्या मुख्य रस्त्याने चर्चच्या दिशेने पंधरा मिनिटं. उंची सुमारे २९७ मीटर, म्हणजे आपल्या जोगपेक्षा उंच, पण पाणी जोगच्या मानाने अगदीच थोडं. वारा असला की अर्ध्यावर त्याची वाफ होते आणि पडदा डावी-उजवीकडे सरकत राहतो. धबधब्याच्या मागे कातळात खोदलेला छोटा सज्जा आहे, तिकीट नाही. तिथवरची वाट चढाची आहे, शेवटी पायऱ्या. हिवाळ्यात दगड आणि बर्फ पडतो म्हणून ती बंद असते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडते. मेमध्ये बंद मिळाली तर हट्ट करू नका, साखळी ओलांडू नका. खालून दिसतं तेही पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी दरीची लांब वाट. लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग, सहा-सात किलोमीटर, जवळजवळ सपाट, ल्युचिने नदीच्या कडेने. बाबागाडी चालते. मोठं माणूस पावणेदोन-दोन तासांत पोचतं, तुम्ही चार तास धरा. या वाटेची खरी सोय म्हणजे वाटेला समांतर रस्त्यावरून १४१ नंबरची पिवळी पोस्टाची बस धावते. धाकटीने बैठक मारली किंवा सासूबाईंचा गुडघा बोलायला लागला की पुढच्या थांब्यावर बस पकडायची. स्विस ट्रॅव्हल पास (गाड्या-बसचा एकत्रित पास) असेल तर वेगळं तिकीट नाही.

ट्रुमेलबाख याच वाटेवर आहे, पण त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. ऑफिसातून निघतोय, रात्री लिहितो.

पियूची आई

आरेकाठींना पूर्ण अनुमोदन. आम्ही गेल्या वर्षी मेमध्येच गेलो होतो, मुली तेव्हा सहा आणि दहा. ट्रुमेलबाखबद्दल मी लिहिते तोवर.

शेवंती, सगळ्यात महत्त्वाचं आधी : चार वर्षांखालच्या मुलांना ट्रुमेलबाखमध्ये आत सोडत नाहीत. कडेवर घेतो, पाठीवर बांधतो, काहीही चालत नाही. तुमची धाकटी साडेतीनची, म्हणजे तुम्हा दोघांना पाळीपाळीने जावं लागेल. एकजण लेकाला घेऊन आत, दुसरा धाकटीबरोबर बाहेर कुरणापाशी. मग अदलाबदल. लेक दोन्ही वेळा जाईल, बघालच.

हा धबधबा डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी एकाच घळीतून खाली येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत, आणि त्याने कातळ पोखरून आत दहा टप्प्यांचा धबधबा केलाय. आधी बोगद्यातून तिरक्या लिफ्टने वर जायचं, मग ओल्या पायऱ्यांनी वरचे टप्पे बघायचे आणि पायऱ्यांनीच खाली उतरत यायचं.

आत अंधार, पिवळे दिवे, आणि पाणी सरळ पडतच नाही. गोल गोल फिरत, भिंतीला धडकत, दुसरीकडूनच बाहेर येतं. आवाज इतका की माझी धाकटी कानात ओरडत होती तरी ऐकू येत नव्हतं. तिने कातळाला तळहात लावला आणि पटकन काढून घेतला, मग परत लावला. अख्खी भिंत थरथरत असते. पुढचा सगळा वेळ ती दर दहा पावलांवर भिंतीला हात लावून 'इथे पण' म्हणून खूण करत होती.

बाहेर ऊन असलं तरी आत थंडी आणि तुषार. रेनकोट हवा, चांगल्या पकडीचे बूट हवेत, सँडल अजिबात नको. सासूबाईंनी लिफ्टने जाऊन जवळचे टप्पे बघावेत आणि लिफ्टनेच परत यावं. उतरताना त्रास होणाऱ्या गुडघ्याला त्या ओल्या पायऱ्या नकोत.

घाटवाट

सगळं छान आहे, पण मला एक कळत नाही. आठ वर्षांचा मुलगा सपाट डांबरी वाटेवर बसच्या बाजूने चालणार आणि त्याला आपण हाइक म्हणणार? माझा पुतण्या सात वर्षांचा असताना हरिश्चंद्रगड चढला. मुलं आपल्यापेक्षा चिवट असतात, आपणच त्यांना जपून जपून मऊ करतो. मोठ्याला बाबाने घेऊन कड्यावरच्या म्युरेन गावाच्या वरच्या वाटेने जावं. बाकीच्यांनी खाली बसावं.

आणि पाण्यात उतरू द्या की मुलांना. नदीच्या कडेने चार तास चालायचं आणि पाय ओले करायचे नाहीत?

आरेकाठी

घाटवाट, हरिश्चंद्रगडाबद्दल आदर आहे आणि मुलं चिवट असतात हेही मान्य. पण इथे मुद्दा दमाचा नाहीच.

एक, वाटेचा. इथल्या पाट्या बघायला शिका. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट : अरुंद, एका बाजूला दरी, पाय घट्ट पडायला हवा. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर-हिमकुऱ्हाडवाल्यांची वाट, तिचं नावही काढू नका. म्युरेनच्या वरच्या बऱ्याच वाटा लाल पट्ट्यांच्या आहेत. जुलैत आठ वर्षांचं मूल त्यावर मजेत चालेल. मेमध्ये मध्येच उतारावर कडक बर्फाचा पट्टा लागतो आणि त्यावरून घसरलं तर थांबायला काही नसतं. तो मुलगा चिवट आहे की नाही हे त्या बर्फाला ठाऊक नसतं.

दोन, पाण्याचा. ल्युचिनेचं पाणी राखाडी-पांढरं दिसतं, दुधात माती कालवल्यासारखं. हिमनदी कातळ दळते, त्याचं पीठ त्यात असतं. म्हणजे हे पाणी थोड्या वेळापूर्वी बर्फ होतं. तापमान एक आकडी. मेमध्ये प्रवाह इतका जोरात असतो की गुडघाभर पाण्यातही मोठा माणूस उभा राहत नाही, आणि थंडीच्या धक्क्याने श्वासच अडकतो. भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. तिथे निदान पाणी कोमट होतं.

आणखी एक. इंटरलाकेनजवळ झाक्सेटबाख नावाचा ओढा आहे. २७ जुलै १९९९ ला त्याच्या घळीत कॅन्यनिंग (घळीतून पाण्याबरोबर खाली उतरण्याचा खेळ) करणारे २१ जण एका लोंढ्यात गेले. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि पाणी खाली आलं. म्हणून दुपारनंतर ढग चढायला लागले की ओढ्याच्या पात्रात, पुलाखाली, दगडांवर डबा उघडून बसायचं नाही. जलविद्युत धरणांच्या खाली तर स्वच्छ उन्हातही पाणी अचानक वाढतं, तिथे तशा पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात, चित्रासकट.

पाय ओले करायचे असतील तर गावातले दगडी हौद आहेत. नळ सतत वाहता असतो आणि 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी नसेल तर ते पाणी पितातही. मुलांना बाटल्या भरायचं काम द्या.

घाटवाट

पाण्याचं पटलं. बर्फाच्या पट्ट्याचंही पटलं. सपाट वाटेचं अजून नाही, पण चालू द्या.

बालडॉक

मी बालरोगतज्ज्ञ, नागपूर. दोन गोष्टी.

पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलेलं मूल चालत नसतं. उचलणाऱ्याला घाम फुटलेला असतो आणि मूल गारठत असतं. आपण आपल्या अंगावरून अंदाज घेतो आणि फसतो. दर अर्ध्या तासाने मुलाच्या मानेवर, कॉलरच्या आत, हात घालून बघा. हातपाय गार लागले तर फार काही नाही, मान गार लागली तर थांबा, कोरडं घाला. सुती बनियन ओलं झालं की बदला, वाळायची वाट बघू नका.

दुसरं, युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे. गाडीत बसून दोन-अडीच तासांत आपण जवळजवळ पावणेतीन हजार मीटर वर जातो, शरीराला उसंतच मिळत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला डोकं दुखतंय हे नीट सांगता येत नाही, ती नुसती किरकिर करते आणि आपण भूक लागली असेल म्हणतो. जाऊच नका असं म्हणत नाही. पण गेलात तर तो दिवस फक्त त्याचाच ठेवा, वर फार वेळ काढू नका, आणि आदल्या रात्री सर्दी-ताप वाटला तर तिकिटाकडे न बघता बेत रद्द करा. सासूबाईंना बीपी-हृदयाचं काही असेल तर इथूनच विचारून निघा.

शेवंती

सगळ्यांचे खूप आभार! पियूची आई, चार वर्षांची अट कुठल्याच व्हिडिओत ऐकली नव्हती. दारातून परत यावं लागलं असतं.

युंगफ्राऊयोख रद्द. नवऱ्याने हुश्श केलं (तिकिटाचे आकडे त्याने आधीच बघून ठेवले होते).

आता उपप्रश्न. बाकीच्या दोन दिवसांत काय? रोज त्याच दरीत फिरायचं की गाडीने बाहेर जायचं? आणि खाणं. सासूबाईंनी डब्यांची यादी केलीय, त्यात दशम्या, मेतकूट, तूप आणि पेढे आहेत.

डबल_चहा

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार. पण पेढे जप्त होतील बरं का.

आरेकाठी

डबल_चहा बरोबर बोलले. युरोपबाहेरून दूध, मांस यांचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. पेढे, तूप, पनीर, खवा घरीच ठेवा. दशम्या दुधात भिजवलेल्या, तेव्हा त्याही विमानात संपवा. मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरे, चटण्या, डिंक-मेथी वगळून कोरडे लाडू, सगळं बिनधास्त आणा. लाडू तुपातले असतील तर आता मी काही बोलत नाही, कायदा सांगून झालाय. लोणी, दही, चीज इथे गल्लोगल्ली चांगलं मिळतं. दरीतल्या काही शेतघरांबाहेर तर चीज ठेवलेलं कपाट असतं, माणूस नसतो. किंमत वाचायची, डब्यात पैसे टाकायचे, चीज घ्यायचं. मुलांच्या हातून करवा, मोठी गंमत वाटते त्यांना.

रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरून ठेवा.

आता बाहेरचे दिवस. माझं मत विचाराल तर लहान मुलांसाठी या सगळ्या भागातला सर्वांत उत्तम धबधबा गीसबाख आहे, आणि आपल्या टूरवाल्यांच्या यादीत तो क्वचितच असतो. ब्रिएन्झच्या तळ्याकाठी. लाउटरब्रुनेनहून गाडीने इंटरलाकेन ओस्ट, तिथून ब्रिएन्झ, मग बोट. बोट धक्क्याला लागली की समोरच छोटी लाल केबल-रेल्वे उभी असते, १८७९ पासून चालतेय. ती वरच्या जुन्या हॉटेलपाशी सोडते. तिथून धबधबा समोर : चौदा टप्प्यांत उड्या मारत थेट तळ्यात.

आणि त्या पाण्याच्या मागून जाता येतं. हॉटेलपासून थोडं चढून पूल आहे, वाट धबधब्याच्या पडद्यामागे शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. वाट रुंद आहे, कठडा आहे. वीस पावलांचा खेळ, पण मुलं तीन-तीन वेळा जातात. साडेतीनची मुलगी हात धरून जाईल. सासूबाईंना चढायचं नसेल तर हॉटेलच्या पुढच्या बाकावर बसून सगळं दिसतं. परत जाताना गुडघा साथ देत असेल तर जंगलातून तळ्यापर्यंत उतरा, नाहीतर केबल-रेल्वे आहेच. बोटीचं परतीचं वेळापत्रक आधी फोनमध्ये टिपून ठेवा. मेमध्ये फेऱ्या उन्हाळ्यापेक्षा कमी असतात आणि शेवटची चुकली तर टॅक्सीच्या बिलाने बाबांना पुन्हा हुश्श करता येणार नाही.

पियूची आई

गीसबाखला जोरदार +१. आम्हीही पडद्यामागून गेलो. धाकटीला प्रश्न पडला की 'मागून पाणी पुढे पडतंय की पुढून मागे?' अजून उत्तर दिलेलं नाही.

चौथ्या दिवसासाठी मायरिंगेन बघा. तिथे राइखेनबाख धबधबा आहे, गोष्टीत शेरलॉक होम्स आणि त्याचा शत्रू मोरियार्टी यांची जिथे कड्यावर झटापट झाली तो. वर जायला केबल-रेल्वे आहे, ती मे महिन्यात कधी सुरू होते ती तारीख तपासून जा. मोठ्यांना होम्समुळे मजा येते. आमच्या मुलींना ना होम्स माहीत ना मोरियार्टी, त्यांना तो 'बाकीच्यांसारखाच' वाटला.

पण त्याच गावाजवळची आरेश्लुख्ट नावाची घळ मात्र त्यांना वेडी आवडली. धबधबा नाही, नदी आहे. दीड किलोमीटरच्या आत-बाहेर लांबी, दोन्ही बाजूंचे कातळ शंभर-दीडशे मीटरच्या वर, आणि काही ठिकाणी इतके जवळ की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील. कातळाला टांगलेल्या फळ्यांवरून चालायचं, खाली पाणी. सपाट आहे, सासूबाईंनाही जमेल. तिकीट आहे. एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं आणि छोट्या गाडीने परत यायचं.

एडिसनकर

विषयांतर होतंय, पण धाग्याचं नाव बघून अमेरिकेतलीही माणसं येतील, म्हणून लिहितो. न्यू जर्सीहून नायगाऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने वाटेत वॉटकिन्स ग्लेनला अर्धा दिवस द्यावा. भारतातून आई-बाबा आले की नायगारा ठरलेला, पण तिथे मुलांना चालायला काही नाही. नुसती रांग, निळे रेनकोट आणि बोट. वॉटकिन्स ग्लेनला तीनेक किलोमीटरची घळ आहे, त्यात १९ धबधबे आणि आठशेच्या वर पायऱ्या. दोन ठिकाणी वाट पाण्याच्या मागून जाते. पायऱ्या ओल्या आणि खोलगट झालेल्या, बाबागाडीचा उपयोग नाही. हिवाळ्यात घळीची वाट बंद. मेच्या मध्यानंतर उघडते.

आजी-आजोबांना चढ नको असेल तर त्यांना खालच्या प्रवेशद्वारापाशीच बसवा. वरचं प्रवेशद्वार धरलं तर उतरतच यायचं, पण मग गुडघ्यांचं वर आरेकाठी-पियूच्या आईने लिहिलंय तेच. चढणं परवडलं.

योसेमिटीला जाणाऱ्यांसाठी : व्हर्नल धबधब्याच्या पुलापर्यंत जा, वर नको. पूल सव्वा किलोमीटरच्या थोडा पुढे, चढ चांगलाच, पण डांबरी वाट आणि पुलावरून धबधबा समोर. त्याच्या पुढे सहाशेच्या वर ओल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या आहेत. वर पोचलेल्या लहान मुलांना काठापासून लांब ठेवताना आई-बापांचा जो जीव जातो तो मी पाहिलाय. तिथेही पाणी मे-जूनमध्येच. ऑगस्ट अखेर गेलात तर योसेमिटी फॉल्स कोरडाही मिळू शकतो, मग पार्कवाल्यांच्या नावाने बोटं मोडू नका.

घाटवाट

एडिसनकर, छान माहिती. घळीचं वाचून सांधण दरी आठवली.

नवखा_बाप

शेवंतीताईंसारखाच प्रश्न, पण मूल एकच, अकरा महिन्यांचं. लाउटरब्रुनेनच्या सपाट वाटेवर बाबागाडी खरंच पूर्णवेळ चालते का? आणि कुरणात चादर अंथरून बसलं तर चालतं का?

आरेकाठी

बाबागाडी चालते. बारीक चाकांची घडीची गाडी खडीच्या तुकड्यांवर अडते, मोठ्या चाकांची बरी.

कुरणात बसू नका. ते गवत म्हणजे हिवाळ्यातला गाईंचा चारा. शेतकरी ते वाढवून कापतो, आपण तुडवलं की ते आडवं होतं आणि यंत्राला लागत नाही. जागोजागी पाट्या आहेत, तरी लोक फोटोसाठी शिरतात आणि मग ओरडा खातात. बसायला वाटेवर बाकं पुष्कळ आहेत.

गाईंच्या कुरणाभोवतीची बारीक तार विजेची असते. जिवाला धोका नाही, पण झटका चांगला बसतो आणि ती नेमकी मुलांच्या हाताच्या उंचीवर असते. पहिल्याच तारेपाशी थांबून मुलांना दाखवा. मेमध्ये गाई अजून दरीतच असतात, वरच्या कुरणांवर त्या साधारण जूनमध्ये जातात. वासराबरोबरच्या गाईपासून लांब राहा, फोटोसाठी मध्ये शिरू नका.

आणि वरून अचानक कापड फाटल्यासारखा मोठा आवाज आला तर घाबरू नका. कड्यावरून पॅराशूट घेऊन उड्या मारणारे असतात, ही दरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात माणसं मरतातही, म्हणून लहान मुलांना थांबून बघायला लावू नका, पुढे चला.

नदीच्या कडेने कठडा सगळीकडे नाही. मोठ्याने नदीच्या बाजूने चालायचं, मूल आतल्या बाजूला.

शेवंती

अंतिम बेत असा ठरलाय, चुकत असेल तर ओरडा :

पोचल्या दिवशी संध्याकाळी श्टाउबबाख आणि झोप. दुसऱ्या दिवशी दरीची वाट श्टेखेलबेर्गपर्यंत, ट्रुमेलबाख पाळीपाळीने, परत बसने. तिसऱ्या दिवशी गीसबाख. चौथा दिवस मायरिंगेनची घळ, होम्स जमला तर. एखादा दिवस पावसाचा निघाला तर काय करायचं ते कळत नाही.

आरेकाठी

उत्तम बेत. पावसाच्या दिवशी ट्रुमेलबाख करा, तो तसाही डोंगराच्या आत आहे आणि आत तुम्ही भिजणारच. गीसबाख उन्हाच्या दिवसासाठी राखून ठेवा, ऊन असलं की पाण्याच्या पडद्यावर इंद्रधनुष्य दिसण्याची शक्यता जास्त. म्हणजे वार बांधून घेऊ नका, रोज रात्री मेटेओस्विस ॲप बघून उद्याचं ठरवा. वादळ बहुधा दुपारनंतर येतं, सकाळी लवकर निघायची सवय लावा.

फोनमध्ये हे नंबर असू द्या : रुग्णवाहिका १४४, डोंगरातली हवाई मदत १४१४, आणि कुठूनही ११२.

तिकिटांचं : मोठ्यांनी ट्रॅव्हल पास घेतला तर ६ ते १५ वर्षांची मुलं फॅमिली कार्डवर फुकट, ते कार्ड मागून घ्यायचं. सहाच्या आतल्यांना लागतच नाही. पण फॅमिली कार्ड आई-बाबांबरोबर असतानाच चालतं. सासूबाई एकट्या नातवाला घेऊन बसने पुढे गेल्या तर ते कार्ड चालणार नाही, हे ध्यानात असू द्या.

इंटरलाकेन ओस्टला गाडीत चढताना डब्यावरची पाटी वाचा. झ्वायल्युचिनेनला गाडी दोन तुकड्यांत तुटते, एक भाग लाउटरब्रुनेनला जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. सामान एका भागात आणि सासूबाई दुसऱ्या भागात असं होऊ देऊ नका.

डबल_चहा

हे शेवटचं वाक्य छापून फ्रीजवर लावतोय. वाचनखूण साठवली.

शेवंती

हसून पुरेवाट. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी सामानाबरोबरच बसेन.

झुरिकला परतीच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस मोकळा आहे. ऱ्हाइनचा धबधबा त्यात बसेल का? तोही भरलेला असेल ना मेमध्ये?

पियूची आई

बसेल. झुरिकहून गाडीने तासाभरात पोचता. उंची फक्त २३ मीटर, पण रुंदी १५० मीटर, म्हणजे वरून पडणारा नाही तर अंगावर चाल करून येणारा. पाणी मेमध्ये भरपूर, जून-जुलैमध्ये त्याहून जास्त. बोट मधल्या खडकापाशी सोडते आणि त्यावर पायऱ्यांनी चढता येतं. त्या अरुंद पायऱ्यांवर धाकटीला कडेवर घेऊन चढू नका, बाबा आणि लेकाला पाठवा.

आरेकाठी

स्टेशन न्यूहाउझेन राइनफाल धरा. त्या बाजूला तिकीट नाही आणि खालच्या काठाने सपाट फिरता येतं. समोरची किल्ल्याची बाजू तिकिटाची. तिथले सज्जे पाण्याला जवळजवळ चिकटलेले आहेत, पण पायऱ्या बऱ्याच, तेव्हा सासूबाई असतील तर न्यूहाउझेनच बरं. सामान झुरिक स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून मोकळ्या हाताने जा.